गोंग ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी सिनेमाविषयी काहीही लिहिलं की मागोमाग गोंग लीबद्दल प्रश्न येतात. त्यातले बरेच प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे देतो. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गोंग ली म्हणजे नक्की कोण? दोन ओळींत सांगा.

चिनी चित्रपट अभिनेत्री. जन्म ३१ डिसेंबर १९६५, ईशान्य चीनमधल्या शेनयांग शहरात. लहानपण शानतोंग प्रांतातल्या जीनानमध्ये गेलं. १९८७ ते १९९५ या आठ वर्षांत तिने केलेल्या सिनेमांमुळे बर्लिन, व्हेनिस आणि कान या तिन्ही महोत्सवांत चिनी सिनेमाला सर्वोच्च पुरस्कार मिळाले, आणि त्या तिन्हींत ती होती. या दोन ओळी फक्त पायापुरत्या आहेत, इमारत खाली आहे.

२. नाव कसं उच्चारायचं? आणि ती ब्रूस लीच्या नात्यातली का?

उच्चार 'गोंग ली'. मराठीत कुठे 'गाँग ली' छापतात, तेही चालून जातं. नात्याचं म्हणाल, तर अजिबात नाही. चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणजे 'गोंग' हे आडनाव आणि 'ली' हे तिचं स्वतःचं नाव. ब्रूस ली किंवा जेट ली यांच्यात 'ली' आडनाव आहे, आणि पाश्चात्त्य पद्धतीने ते शेवटी गेलं आहे. म्हणून लेखात नुसतं 'ली म्हणाली' असं लिहू नका. ते जवळिकीने हाक मारल्यासारखं होतं.

३. ती सिनेमात आली कशी? घरात कोणी नट वगैरे होतं का?

नव्हतं. घर शिक्षकी पेशाचं होतं. तिला आधी गाण्याचं वेड होतं, आणि कलाशिक्षणाच्या प्रवेश परीक्षांत पहिल्याच फटक्यात यशही आलं नाही. १९८५ मध्ये बीजिंगच्या सेंट्रल अकॅडमी ऑफ ड्रामात प्रवेश मिळाला. लक्षात घ्या, ही नाट्यशाळा आहे, बीजिंग फिल्म अकॅडमी वेगळी. दुसऱ्या संस्थेतून झांग यीमोउ आणि चेन काइगे हे दिग्दर्शक आले. दोन्ही नावं पुढे सारखी येणार आहेत.

झांग तेव्हा छायालेखक होता, 'रेड सोर्घम' या सिनेमातून पहिल्यांदाच दिग्दर्शन करणार होता, आणि त्याची नायिका शोधत नाट्यशाळेत पोचला. गोंग ली अजून शिकत होती. तिची पदवी पूर्ण झाली १९८९ मध्ये, म्हणजे या सिनेमासाठी बर्लिनचं सुवर्णअस्वल (तिथला सर्वोच्च पुरस्कार) घरी आल्यानंतर वर्षभराने. वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

४. 'रेड सोर्घम' म्हणजे लाल ज्वारी? आपली ज्वारीच का?

हो, आपलीच. मूळ नाव 'होंग गाओल्यांग', म्हणजे लाल ज्वारी. सोलापूरकडे आपण भाकरीला आणि हुरड्याला जे पीक घेतो, त्याच जातीचं हे धान्य. फरक वापरात आहे. उत्तर चीनमध्ये ज्वारीची मुख्य ओळख दारूची, आणि सिनेमाची गोष्टही ज्वारीच्या दारूभट्टीभोवतीच फिरते. भाकरी काही कोणी थापत नाही.

मूळ कथा मो यान या लेखकाची, ज्यांना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं. जागा त्यांचंच गाव, शानतोंगमधलं गाओमी. पडद्यावर दिसणारं ज्वारीचं रान शूटिंगसाठी मुद्दाम पेरून घेतलं होतं. माणूस उभा राहिला तर दिसणार नाही इतकं उंच. नायिकेच्या बापाने एका खेचराच्या बदल्यात तिला महारोगी भट्टीमालकाला देऊन टाकलेलं असतं. तिची पालखी घेऊन जाणारे भोई तिला रडवण्यासाठी पालखी मुद्दाम गदागदा हलवत गातात, आणि कॅमेरा पालखीच्या आत, तिच्या चेहऱ्याजवळ. बाहेर धूळ आणि गाणं, आत एक मुलगी दात आवळून बसलेली. गोंग लीची पुढची सगळी कारकीर्द त्या पालखीत बीजरूपाने आहे असं मला वाटतं.

शहरात वाढलेली ही मुलगी शूटिंगआधी खांद्यावर कावड घेऊन पाणी वाहायचा सराव करत होती. ते पाहून मो यान यांना आधी शंकाच आली होती, ही तर कॉलेजातली पोर दिसते. नंतर त्यांनी मत बदललं.

५. पहिलाच सिनेमा आणि थेट जगभर? असं कसं झालं?

वेळ साधली गेली. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओच्या काळातल्या १९६६ ते १९७६ च्या उलथापालथीत, बीजिंग फिल्म अकॅडमी बंद पडली होती. ती १९७८ मध्ये पुन्हा उघडली आणि त्या तुकडीतली मुलं १९८२ ला बाहेर पडली. यांनाच 'पाचवी पिढी' म्हणतात. यातल्या बऱ्याच जणांनी तरुणपण खेड्यात, गिरण्यांत मजुरी करत घालवलं होतं. त्यांना भाषणबाज सिनेमा नको होता, माती आणि रंग हवे होते.

'रेड सोर्घम'ला १९८८ मध्ये बर्लिनचं सुवर्णअस्वल मिळालं. तो मान मिळवणारा हा पहिला चिनी सिनेमा. मग पैसा बाहेरून यायला लागला. 'जू दोउ' (१९९०) जपानी पैशावर उभा राहिला, 'रेज द रेड लँटर्न' (१९९१) हाँगकाँगच्या कंपनीमार्फत तैवानी पैशावर. म्हणजे चिनी दिग्दर्शक, चिनी नटी, शेजाऱ्यांचं भांडवल आणि युरोपातला प्रेक्षक. 'हॉलिवूडने शोधून काढलेली चिनी नटी' असं तिच्याबद्दल छापून येतं ते म्हणूनच चूक आहे. ती हॉलिवूडला पोचली तेव्हा तिला ओळख करून द्यायची गरजच नव्हती (प्रश्न १२ पाहा).

६. झांग यीमोउबरोबर तिने एकूण किती सिनेमे केले? कुठे सात लिहितात, कुठे आठ, कुठे नऊ.

त्याच्या दिग्दर्शनाखाली नऊ. पहिल्या टप्प्यात सात: 'रेड सोर्घम', 'कोडनेम कूगर', 'जू दोउ', 'रेज द रेड लँटर्न', 'द स्टोरी ऑफ चिउ जू', 'टू लिव्ह' आणि 'शांघाय ट्रायड'. १९९५ मध्ये दोघं व्यक्तिगत आयुष्यातही वेगळे झाले. मग अकरा वर्षांनी 'कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर' (२००६) आणि त्यानंतर 'कमिंग होम' (२०१४).

आकड्यांचा घोळ दोन कारणांनी होतो. 'कोडनेम कूगर' हा विमान अपहरणाचा थरारपट फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून यादीतून गळतो. आणि 'अ टेराकोटा वॉरियर'मध्ये झांग तिच्यासमोर नायक म्हणून उभा आहे, दिग्दर्शक दुसराच आहे. तो धरला की दहा होतात.

७. 'रेज द रेड लँटर्न' पाहिला. नुसते कंदील लावतात आणि विझवतात. यात एवढं काय आहे?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

१९२० च्या दशकातली गोष्ट. बाप गेल्यामुळे शिक्षण सुटलेली सोंगलिएन एका श्रीमंताची चौथी बायको होते. रोज संध्याकाळी मालक जिच्याकडे मुक्काम करणार तिच्या दारात लाल कंदील लागतात, तिच्या तळपायांना छोट्या हातोड्यांनी ठोकून मालिश होतं, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला काय करायचं ते ती ठरवते. मालकाचा चेहरा सिनेमाभर धड दिसत नाही. ज्याच्यासाठी चार बायका एकमेकींचे गळे धरतात, त्याला चेहराच नाही.

हे कंदील मूळ कथेत नाहीत. सू तोंगच्या कादंबरिकेतली माणसं घेऊन हा विधी सिनेमाने रचला. चित्रण शान्सी प्रांतातल्या च्याओ घराण्याच्या खऱ्या वाड्यात झालं.

आता अभिनय. पहिलं दृश्य पुन्हा बघा. कॅमेरा हलत नाही, समोर फक्त तिचा चेहरा. सावत्र आई पडद्याबाहेरून बोलते आहे. ती लग्नाला होकार देते आणि चेहऱ्याची रेषा न हलवता डोळ्यांतून पाणी ओघळतं. पुढे पायांच्या मालिशीला सुरुवातीला नाक मुरडणारी हीच मुलगी, नंतर दुसरीच्या अंगणातून हातोड्यांचा आवाज आला की अस्वस्थ होते. तिला काय झालंय ते कोणी बोलून दाखवत नाही, तुम्हाला तिच्या पायांवरून कळतं. 'काही घडत नाही' असं वाटतं ते यामुळे. घडतं, पण संवादात घडत नाही.

८. तिचं सर्वांत चांगलं काम कोणतं?

माझं मत: 'द स्टोरी ऑफ चिउ जू' (१९९२). भांडायचं असेल तर तयार आहे.

यात ती शानशी प्रांतातली गरोदर शेतकरीण आहे. (हा शानशी वेगळा, वरचा शान्सी वेगळा. नकाशात दोन्ही शेजारी आहेत.) नवऱ्याने गावच्या प्रमुखाला 'तू फक्त कोंबड्या पाळ' असा टोमणा मारलेला असतो, कारण प्रमुखाला सगळ्या मुलीच. चिडून तो नवऱ्याला नको तिथे लाथ घालतो. चिउ जूला भरपाईचे पैसे नकोत. तिला हवं आहे त्याने चूक कबूल करणं. प्रमुख पैसे देतो, पण नोटा जमिनीवर फेकून, म्हणजे तिला वाकून उचलाव्या लागतील. ती उचलत नाही. मग नणंदेला घेऊन, वाळक्या मिरच्या विकून वाटखर्च काढत, ती आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग मोठ्या शहरात जाते. पोट वाढत जातं, थंडी वाढत जाते, बाई थांबत नाही.

मोजके व्यावसायिक नट सोडले तर बाकी खरे गावकरी. रस्त्यावरचे बरेच प्रसंग लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपले आहेत. तिने तिथे राहून बोली उचलली. कमरेवर हात ठेवून, पाय फाकून चालणारी ही बाई बाजारातल्या गर्दीत मिसळून जाते. लाल कंदिलातली सोंगलिएन हीच, यावर विश्वास बसत नाही. व्हेनिसला सिनेमाला सुवर्णसिंह (तिथला सर्वोच्च पुरस्कार) आणि तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा व्होल्पी करंडक मिळाला.

९. तिच्या सिनेमांवर चीनमध्ये बंदी होती असं ऐकलं. मग तिकडे ती प्रसिद्ध कशी?

सगळ्यांवर नव्हती, आणि जिथे होती तिथेही एकसारखी नव्हती.

'रेड सोर्घम' चीनमध्ये रीतसर लागला आणि खूप चालला. 'जू दोउ' ही कापड रंगवणाऱ्याच्या घरातली व्यभिचाराची गोष्ट. ती आणि 'रेज द रेड लँटर्न' सुरुवातीला रोखले गेले. 'जू दोउ'ला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा तो मागे घ्यावा असा प्रयत्न चीनकडून झाला, तो अकादमीने मानला नाही. मग 'चिउ जू' आला. यातले अधिकारी सगळे भले, नियमाने वागणारे. १९९२ मध्ये तो गाजला आणि त्याच वर्षी आधीचे दोन्ही मोकळे झाले.

'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन' १९९३ मध्ये लागला, उतरवला गेला, मग कात्री लावून पुन्हा लागला. 'टू लिव्ह'ला (१९९४) मात्र प्रदर्शनच मिळालं नाही. त्यात एका जोडप्याच्या संसारातून चाळीसच्या दशकापासून सांस्कृतिक क्रांतीपर्यंतचा काळ सरकतो, आणि त्या काळात त्यांची मुलं जातात. कानमध्ये त्याला ग्रां प्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) आणि नायक ग यो याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

१०. 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ची नायिका ती आहे की नाही?

अडचणीचा प्रश्न. पोस्टरवर आहे, पण गोष्ट मुळात दोन पुरुषांची, पेकिंग ऑपेरातल्या नटांची. लेस्ली चेउंग स्त्रीपार्टी. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला 'स्त्रीपार्टी' म्हणजे काय ते समजावायला नको. झांग फेंगयी राजाच्या भूमिकेत. गोंग ली ही या दोघांत येणारी वेश्या ज्युश्येन. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी १९९३ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरवलं, आणि ते बरोबरच आहे.

दिग्दर्शक चेन काइगे. कानची पाम द'ओर (तिथला सर्वोच्च पुरस्कार) मिळवणारा हा पहिला चिनी भाषेतला सिनेमा. तो पुरस्कार त्या वर्षी जेन कॅम्पियनच्या 'द पियानो'बरोबर वाटून मिळाला होता.

११. तिला ऑस्कर मिळालं आहे का? आणि 'क्राऊचिंग टायगर'मध्ये तलवार चालवणारी तीच ना?

दोन्हीला नाही. ऑस्करचं नामांकनसुद्धा तिच्या वाट्याला आलेलं नाही. तिच्या सिनेमांना आलं. गंमत म्हणजे 'रेज द रेड लँटर्न' हा ऑस्करला हाँगकाँगतर्फे गेला होता, चीनतर्फे नव्हे. कारण प्रश्न ५ आणि ९ एकत्र वाचलेत तर लक्षात येईल.

'क्राऊचिंग टायगर'मध्ये मिशेल योह आणि झांग झीयी आहेत. झांग झीयी त्याच नाट्यशाळेतली, तिलाही पहिली मोठी संधी झांग यीमोउनेच दिली, आणि चिनी पत्रकार तिला सुरुवातीला 'छोटी गोंग ली' म्हणायचे. 'इन द मूड फॉर लव्ह'मधली मॅगी चेउंग. तीही वेगळी.

१२. मग हॉलिवूडमध्ये तिने काय केलं?

थोडंच. 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा' (२००५) मध्ये ती हात्सुमोमो ही जळफळणारी ज्येष्ठ गेइशा (गाण्या-नाचाने पाहुण्यांचं मन रमवणारी जपानी कलावंतीण). नायिका झांग झीयी, पण लक्षात राहते ती गोंग ली. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कारही तिलाच मिळाला. मात्र जपानी गेइशांच्या भूमिका चिनी वंशाच्या नट्यांनी करणं दोन्हीकडे खुपलं. जपानमध्ये 'आमच्या नट्या नव्हत्या का?' आणि चीनमध्ये युद्धकाळाच्या आठवणींमुळे त्याहून कडवट. २००६ मध्ये तो चीनमध्ये लागायचा होता, तो लागलाच नाही.

मग मायकेल मानचा 'मायामी व्हाइस' (२००६) आणि 'हॅनिबल रायझिंग' (२००७). दुसऱ्यात पुन्हा जपानी बाई. आणि बऱ्याच अंतराने डिस्नेचा 'मुलान' (२०२०), त्यात जादूगारीण. मुलाखती ती सहसा दुभाष्यामार्फत देते. परक्या भाषेत तिचा आवाज जपून पावलं टाकतो आणि तिचं निम्मं बळ तिथेच जातं, असं मला ते सिनेमे बघताना वाटलं. मँडरिनमधला तिचा रोखठोक, किंचित खरखरीत सूर इंग्रजीत सापडत नाही.

१३. ती कायम दुःखीच असते का? एखादा हलकाफुलका सिनेमा सुचवा.

हाँगकाँगच्या स्टीफन चाऊबरोबरचा 'फ्लर्टिंग स्कॉलर' (१९९३). निव्वळ धिंगाणा. ज्या वर्षी 'फेअरवेल', त्याच वर्षी हा.

१४. परीक्षक म्हणूनही तिचं नाव येतं. त्यात विशेष काय?

२००० मध्ये ती बर्लिनच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष होती, २००२ मध्ये व्हेनिसची. बारा वर्षांपूर्वी जिथे विद्यार्थिनी म्हणून नाव झालं, तिथेच अध्यक्षाची खुर्ची. आणि त्या वर्षी बर्लिनच्या स्पर्धेत कोण होतं? झांग यीमोउ, 'द रोड होम' घेऊन, नायिका झांग झीयी. मंडळाने त्याला ज्युरीचं मोठं पारितोषिक, म्हणजे रौप्यअस्वल दिलं. यावर एखादा सिनेमा निघेल.

१५. ती चिनी आहे की सिंगापूरची?

नागरिकत्वाने सिंगापूरची, २००८ पासून. पहिला नवरा सिंगापूरचा उद्योजक होता. लग्न १९९६, घटस्फोट २०१०. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे एक घेतलं की दुसरं गेलं. चिनी इंटरनेटवर तेव्हा बरीच टीका झाली, कारण ती चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेची सदस्यही राहिली होती. आता तिचा नवरा फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार, लग्न २०१९ चं. तरी 'चिनी अभिनेत्री' म्हणणं चुकीचं नाही. भाषा, शाळा आणि जवळपास सगळं काम तिकडचं आहे. व्यक्तिगत आयुष्याचं एवढं पुरे.

१६. मग २०१८ मध्ये तैवानच्या समारंभात ती मंचावर का गेली नाही?

गोल्डन हॉर्स पुरस्कारांची ती त्या वर्षी परीक्षक प्रमुख होती. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार घेताना दिग्दर्शिका फू यू यांनी तैवानला स्वतंत्र म्हणून ओळखलं जावं अशी इच्छा मंचावरून बोलून दाखवली. सभागृहात बरेच पाहुणे चीनचे. शेवटचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार गोंग ली आणि दिग्दर्शक आंग ली यांनी मिळून द्यायचा होता. ती खुर्चीतून उठली नाही, आंग ली एकटेच गेले. पुढच्या वर्षापासून चीनने त्या पुरस्कारांवर बहिष्कार टाकला. नागरिकत्व सिंगापूरचं आणि बाजारपेठ चीनची. त्या खुर्चीत बसून दुसरं काय करता आलं असतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१७. पन्नाशीच्या आसपास आणि नंतर तिने काही चांगलं केलं आहे का?

केलं आहे. 'कमिंग होम' आधी बघा. राजकीय कैदेतून नवरा सुटून येतो, पण बायकोची स्मृती गेली आहे. ती त्याला ओळखत नाही आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्यालाच आणायला स्टेशनवर जाते. लो येचा 'सॅटर्डे फिक्शन' (२०१९) कृष्णधवल आहे. १९४१ च्या शांघायमध्ये नाटकाच्या तालमी करणारी हेर. आणि 'लीप' (२०२०) मध्ये ती व्हॉलीबॉल प्रशिक्षक लांग पिंग. गोंग लीने मान किंचित पुढे काढून चालण्याची लांग पिंगची ढब अशी उचलली आहे की पाठमोरी दिसली तरी ओळख पटते. तरुण लांग पिंगचं काम खुद्द लांग पिंगच्या सख्ख्या मुलीने केलं आहे.

१८. एकही सिनेमा पाहिलेला नाही. कुठून सुरू करू?

'चिउ जू'पासून. त्यानंतर 'रेज द रेड लँटर्न', लागोपाठच्या दिवशी, म्हणजे प्रश्न ८ मध्ये मी काय म्हणतो ते कळेल. मग 'रेड सोर्घम' आणि 'टू लिव्ह'. 'फेअरवेल' जवळजवळ तीन तासांचा आहे, तो रविवारसाठी ठेवा, आणि छाटलेली प्रत नको, पूर्ण लांबीचीच शोधा. 'गेइशा' सगळ्यांत शेवटी पाहिलात तरी काही बिघडत नाही.